आत झोपा

२९ सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी, विसर्जनाच्या मिरवणुकीला निघताना मी उंबऱ्यात थांबून पत्नीला म्हणालो, "अंगणात ओल आहे, डास आहेत, लेकरांना आत झोपव. काही होत नाही." आमच्या दोघांमधले ते शेवटचे बोलणे. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा पत्नी, सात वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी घरात होती. माझी आई अंगणाच्या मधोमध बाजेवर झोपली होती, म्हणून ती वाचली. विसर्जन आटोपून उशीर झाल्यामुळे, इतक्या रात्री दाराची कडी वाजवून कोणाला उठवायचे असा विचार करून मी मारुतीच्या पारावर आडवा झालो होतो, म्हणून मीही वाचलो.

आमचे गाव किल्लारीपासून जवळच, तेरणा नदीच्या बाजूला होते. मी तिथल्या शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवत असे, आणि हे सांगणे इथे आवश्यक आहे, कारण माझ्या त्या वाक्याला जे वजन होते ते माझ्या खुर्चीमुळे आले होते. त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबर महिन्यात, किल्लारी परिसरात बरेच हादरे बसले होते. जमिनीतून गडगडल्यासारखा आवाज येई, फडताळातली भांडी वाजत आणि भिंतींना केसासारख्या बारीक भेगा पडत. लोक घाबरून गोधड्या घेऊन शेतात, खळ्यावर, शाळेच्या पटांगणात झोपू लागले होते. त्या थंडीत संध्याकाळी माणसे माझ्याकडे येऊन विचारत, "गुरुजी, पुस्तकात काय लिहिलंय?" मी त्यांना पुस्तकात होते ते सांगत असे. दख्खनचे पठार हा देशातला सर्वांत स्थिर भूभाग समजला जातो, आणि भूकंपप्रवणतेच्या नकाशात आपला भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या पट्ट्यात आहे. कोणी ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण काढली तर त्याचा संबंध तिथल्या प्रचंड जलाशयाशी जोडला जातो, असे मी समजावून सांगे. यातले एकही विधान मी मनाने रचले नव्हते. १९९३ च्या उन्हाळ्यापर्यंत हादरे विरळ झाले आणि गल्लीतली बहुतेक कुटुंबे हळूहळू घरात परतली. आमच्या घरात मात्र मीच आग्रह धरून सर्वांना आत आणले. एकट्या आईने ऐकले नाही. ती म्हणाली, "रातीला घर बोलाया लागलं की त्येच्यात मला झोप न्हाई येत बाबा."

ते घर कसे होते हेही सांगतो, कारण पुढे अनेक वर्षे मी त्याच्या भिंती मनात मोजत राहिलो. काळ्या दगडाची, मातीत रचलेली, अडीच फूट जाडीची भिंत. आतून एक दगडी तोंड, बाहेरून दुसरे, आणि दोहोंच्या मध्ये बारीक दगड व माती भरलेली. वर सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर, म्हणजे आमच्याकडचे माळवद. उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब देणारे हे घर आमच्या भागातल्या माणसाला प्रतिष्ठेचे वाटे. पावसाळ्यात गळू नये म्हणून दर एक-दोन वर्षांनी माळवदावर नवी पांढरी माती टाकण्याची पद्धत होती आणि त्या वर्षी मृगाच्या आधी मी दोन बैलगाड्या माती टाकून घेतली होती. स्वतः वर चढून ती मी चोपण्याने चोपली होती. माझा मुलगा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसून ढेकळे फोडून वर देत होता.

त्या पहाटेविषयी आणि पुढच्या दोन दिवसांविषयी मी फार लिहिणार नाही. पौर्णिमेची रात्र होती, तरी धुळीमुळे काही दिसत नव्हते. गल्ल्या नाहीशा झाल्या होत्या, त्यामुळे स्वतःचे घर कोणते हेच मला ओळखता येईना. आईच्या हाकेच्या दिशेने मी पोहोचलो. दिवस उजाडल्यावर आजूबाजूच्या गावांतून माणसे आली, पुढे लष्कराचे जवान आले. तिघांनाही बाहेर काढले तेव्हा दुसरा दिवस होता आणि पाऊस लागला होता. ओल्या लाकडांवर, अनेकांच्या बरोबर, एकत्र अग्नी दिला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली, बावन्न गावे पुरती उद्ध्वस्त झाली. दुसऱ्याच दिवशी पितृपंधरवडा सुरू झाला होता. ज्यांनी पितरांना पाणी द्यायचे तेच पितर झाले होते.

पत्र्याच्या शेडमधल्या तात्पुरत्या वस्तीत आम्ही राहू लागलो. तिथे शोक करणारे सगळेच होते, त्यामुळे कोणाचे दुःख वेगळे उठून दिसत नसे. माझे मला वेगळे वाटे, कारण इतर लोक देवाला, नशिबाला, सरकारला बोल लावत आणि मी उंबऱ्यातल्या त्या वाक्याला लावत असे. रात्री पत्र्यावर पाऊस वाजू लागला की मनात एकच चित्र सुरू होई. मी उंबऱ्यात उभा आहे, पत्नी वाकून मुलीच्या अंगावर चादर टाकते आहे, आणि मी "असू दे, बाहेरच झोपा" असे म्हणतो. पुढे पहाट होते आणि चौघे अंगणात उभे असतात. हे चित्र मी एका रात्रीत पन्नास वेळा पाहत असेन. प्रत्येक वेळी ते संपले की पत्र्याचे छप्पर आणि शेजारच्या खाटेवर जागी असलेली आई दिसे. आई काही बोलत नसे. तिच्या न बोलण्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला होता. ती मला दोष देते आहे आणि वयामुळे, मायेमुळे बोलून दाखवत नाही, असे मी धरून चाललो होतो.

दिवाळीनंतर तंबूत शाळा सुरू झाली. ढिगाऱ्यातून सापडलेले जुने हजेरीपत्रक माझ्याकडे आले. ओल लागून पाने फुगली होती, पण शाई शाबूत होती. त्यातली गेलेली नावे गाळून नवीन हजेरी तयार करायची होती. मी ती केली, उरलेल्या मुलांना ओळीने नवे क्रमांक दिले आणि पहिल्या दिवशी हजेरी घ्यायला उभा राहिलो. सहाव्या क्रमांकाला ज्याचे नाव आले तो मुलगा उठला नाही. मी दुसऱ्यांदा नाव घेतले तेव्हा तो बसूनच म्हणाला, "गुरुजी, माझा नंबर सतरा हाय." मी त्याला समजावले की आता क्रमांक बदलले आहेत. तो म्हणाला, "पण माझा सतराच हाय." मग दुसरा म्हणाला, माझा बावीस, मग एक मुलगी म्हणाली, माझा एकतीस. मी नवीन हजेरी मिटली, जुनी उघडली आणि एकपासून सुरुवात केली. जी नावे निघून गेली होती त्यांच्या जागी मी क्षणभर थांबत असे आणि मुले तितकाच वेळ गप्प बसत. त्या वर्षअखेरपर्यंत आम्ही तशीच हजेरी घेतली. माझ्या मुलाचा क्रमांक अकरा होता.

मला वाटले होते की काम सुरू झाले की मन थाऱ्यावर येईल, पण उलट झाले. वर्गात भूगोलाचे पुस्तक उघडले की माझे हात थंड पडत. पठारांचा धडा मी शिकवूच शकलो नाही. सहकाऱ्याने तो घेतला. जेवण कमी झाले, झोप तासा-दोन तासांवर आली. मरण मी मुद्दाम शोधले नाही, पण ते आले तर त्याला वाट मोकळी असावी अशा बेताने मी जगत होतो. १९९४ च्या फेब्रुवारीत ताप आला आणि आठवडाभर मी औषध घेतले नाही. आईने हे ओळखले असावे. पुण्याहून डॉक्टरांचे एक पथक वस्तीत येत असे, त्यांतल्या मनाच्या डॉक्टरांना ती स्वतः जाऊन घेऊन आली. आमच्या भागात तोवर अशा डॉक्टरकडे जाणे म्हणजे माणूस वाया गेला असे समजले जाई, आणि माझ्या निरक्षर आईने तो विचार बाजूला ठेवला याचे मला आजही फार मोल वाटते. (आज अशा माणसासाठी सरकारची 'टेली मानस' ही सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात माझ्यासारखा माणूस असेल तर त्यांनी माझ्या आईसारखे करावे.)

डॉक्टरांनी मला गेलेल्यांविषयी काहीच विचारले नाही. झोप किती, भूक किती, पहाटे किती वाजता जाग येते, इतकेच विचारले आणि गोळ्या दिल्या. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर तोंडाला कोरड पडेल, पण गोळ्या सोडू नका असे बजावले. तसेच झाले. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मी चार तास सलग झोपलो. औषधाने पश्चात्ताप गेला नाही, परंतु त्याच्याशी बोलण्याइतकी शक्ती आली. त्यानंतरच्या भेटीत मी प्रथमच त्यांना उंबऱ्यातले वाक्य सांगितले. आजवर ज्यांना ज्यांना ते कळले होते त्या सर्वांनी "तुमचा काय दोष, गुरुजी" असे म्हटले होते आणि दर वेळी मला अधिक एकटे वाटले होते. डॉक्टर तसे म्हणाले नाहीत. त्यांनी कागदावर एक वर्तुळ काढले आणि म्हणाले, "ही भाकरी समजा. जे घडले त्याची सगळी जबाबदारी म्हणजे ही भाकरी. ज्याचा ज्याचा वाटा आहे त्याला त्याला त्याचा तुकडा द्या. स्वतःचा तुकडा सर्वांत शेवटी कापा."

पहिल्या वेळी मी तो कागद फाडून टाकला, कारण दुसऱ्या कोणाला तुकडा देणे म्हणजे अंग काढून घेणे असे मला वाटले. पंधरा दिवसांनी त्यांनी दुसरा कागद दिला. त्यावर मी महिनाभर काम केले आणि शिक्षक असल्यामुळे ते नीटच केले. जमिनीखाली जे सरकले त्याला मोठा तुकडा गेला. मातीत रचलेल्या, दोन तोंडे एकमेकांना न बांधलेल्या भिंतींना गेला. माळवदाच्या ओझ्याला गेला, आणि त्यातल्या माझ्या दोन गाड्या मातीला मी वेगळा लहान तुकडा दिला. नकाशा करणाऱ्यांच्या अपुऱ्या माहितीला गेला. आदल्या वर्षीच्या हादऱ्यांनंतर घरांकडे कोणी पाहिले नाही, त्याला गेला. त्या रात्रीच्या डासांना आणि ओलीला गेला. पत्नीलाही एक तुकडा द्यावा लागला. तो देताना मी खूप रडलो, कारण ती स्वतःच्या विचाराची बाई होती, तिला पटले नसते तर माझे ऐकून ती आत गेली नसती, आणि इतके महिने मी तिला केवळ माझ्या आज्ञेवर चालणारी करून टाकले होते. शेवटी माझा तुकडा उरला. तो लहान होता, पण शून्य नव्हता. डॉक्टरांनीही तो शून्य असल्याचे म्हटले नाही. एवढा तुकडा माझा, असे मला कोणीतरी मान्य करू दिले, यामुळे मला किती बळ आले हे सांगता येणार नाही. संपूर्ण भाकरी छातीवर घेऊन बसलेल्या माणसाला हलता येत नाही. एक तुकडा हातात धरून चालता येते.

याच काळात आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती मान्य करायला मला लाज वाटली. स्वतःला दोष देण्यात मला एक आधार मिळत होता. चूक माझी असेल तर ते टाळता येण्यासारखे होते, जग अजून माझ्या ताब्यात होते. दोष सोडला की उरणार होते ते निव्वळ जाणे, ज्यावर कोणाचाही इलाज नव्हता. मुलगा, मुलगी आणि पत्नी यांच्यासाठी मी त्या उन्हाळ्यात प्रथमच रडलो. तोवर मी माझ्या वाक्यासाठी रडत आलो होतो.

जगण्याची इच्छा परत कशी आली असे विचारले तर मला एक दुपार आठवते. १९९५ च्या जानेवारीत एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी शेतात हुरड्याला बोलावले. मी नको म्हणत होतो, त्यांनी हाताला धरून नेले. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेले ज्वारीचे कणीस त्यांनी तळहातावर चोळले, फुंकर मारून कोंडा उडवला आणि गरम हिरवे दाणे माझ्या ओंजळीत टाकले. बरोबर तिळाची चटणी आणि गूळ होता. मी पहिला घास खाल्ला आणि त्याची चव मला लागली. पंधरा महिन्यांत मी अन्न गिळत होतो, चव लागली नव्हती. मी दुसऱ्यांदा हात पुढे केला, तिसऱ्यांदा केला आणि मग एकदम हात आखडता घेतला, कारण माझ्या मुलीला हुरडा फार आवडे. त्या दिवशी मी घाईने उठून निघालो. जगण्याची ओढ माझ्याकडे अशी शरमिंदी होऊन आली आणि कित्येक महिने ती तशीच येत राहिली. मी हसलो की थबकत असे, गाढ झोपलो की सकाळी अपराधी वाटे. डॉक्टरांनी सांगितले की लाज आली तर येऊ द्या, पण हात मागे घेऊ नका. पुढच्या आठवड्यात मी स्वतः होऊन त्या शेतावर गेलो.

आईशी बोलणे मात्र अजून बाकी होते. त्याच वर्षी पितृपंधरवड्यात अविधवा नवमी आली. अहेव गेलेल्या बाईचे श्राद्ध त्या तिथीला करतात. आदल्या वर्षी मला ते करता आले नव्हते. या वेळी मी आईला म्हणालो की एका सवाष्णीला जेवायला बोलवू. तिने पुरणाचा स्वयंपाक केला, सवाष्णीची ओटी भरली, आणि सगळे झाल्यावर चुलीपुढे बसून ती म्हणाली, "पोरगं माझ्यापाशीच होतं त्या राती." मला काही समजले नाही. मग तिने सांगितले. मी मिरवणुकीला गेल्यावर मुलगा आत न जाता तिच्या बाजेवर येऊन झोपला होता. मध्यरात्री डास चावतात म्हणून तो चुळबुळ करू लागला, तेव्हा तिनेच त्याला उठवले आणि आईजवळ जाऊन झोप म्हणून आत पाठवले. "दाराची कडी म्या वाजिवली," ती म्हणाली. दोन वर्षे तिने हे कोणालाही सांगितले नव्हते. शेजारच्या खाटेवर ती रात्रभर जागी असे, ती याच कारणाने. मी मात्र त्या दोन वर्षांत एकदाही तिला विचारले नव्हते की तुला झोप का लागत नाही. माझा पश्चात्ताप इतका मोठा होऊन बसला होता की त्याच्या पलीकडे माझी आई मला दिसली नाही. तिला "तुझा काय दोष" असे म्हणण्याचा मोह झाला, तो मी आवरला. मी कागद घेतला, वर्तुळ काढले आणि तिला म्हणालो, "आई, ही भाकरी समज." तिला लिहिता येत नव्हते, तिने बोटाने रेघा दाखवल्या आणि मी त्या ओढल्या. त्या रात्री आम्ही दोघे उशिरापर्यंत लेकरांविषयी बोललो. त्यांच्या मरणाविषयी बोललो नाही. मुलगा ढेकळे कशी फोडत असे, मुलगी काजळाची डबी कुठे लपवत असे, हेच बोलत बसलो.

त्यानंतर कामाचे दिवस आले. पूर्ण उद्ध्वस्त गावांचे दुसऱ्या जागी पुनर्वसन होत होते आणि ज्या शेकडो गावांतली घरे केवळ भेगाळली होती तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम चालू होता. या कामासाठी महिला मंडळांतून 'संवाद सहायक' निवडल्या होत्या. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने त्या बायकांना तयार केले होते. घरमालक आणि अभियंता यांच्यामधला दुवा म्हणून त्या काम करत. त्यांतली एक बाई जवळच्या गावाहून सायकलवर टांग मारून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, दारा-खिडक्यांवरून घराभोवती काँक्रीटचा पट्टा कशाला घालायचा हे मला पाठ झालंय, पर लोकांना पटत न्हाई. तुमी शाळेत समजावून सांगता तसं सांगायला शिकवा." माझ्याकडे इतक्या लोकांनी विचारणा केली होती, पण भिंतीविषयी विचारणारी ती पहिली होती. मी दोन दिवसांची मुदत मागितली.

शाळेच्या मागे बसून मी एका लाकडी फळीवर नदीतल्या बारीक दगडांच्या दोन खोल्या रचल्या, मातीच्या गाऱ्यात, वीतभर उंचीच्या. पहिली जुन्या घरासारखी, दोन तोंडांची, मध्ये भरावाची. दुसरीत दर दोन थरांनंतर भिंतीच्या दोन्ही तोंडांना धरणारा एक आरपार दगड बसवला, कोपरे गुंफले आणि दाराच्या वर चारही बाजूंनी सिमेंटचा बोटभर पट्टा फिरवला. फळीखाली बांगड्या ठेवल्या, म्हणजे ती सरकेल. तिसऱ्या दिवशी वर्गासमोर ते ठेवले तेव्हा फळीला हात लावण्याचे धैर्य मला होईना. कोसळती भिंत मी त्या रात्री पाहिलीही नव्हती, फक्त आवाज ऐकला होता. सतरा क्रमांकाचा तो मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "गुरुजी, म्या हलवू?" त्याने फळी हलवली. पहिल्या खोलीचे आतले तोंड आत आणि बाहेरचे बाहेर पडले. दुसरीला भेगा पडल्या, पण ती उभी राहिली. वर्ग गप्प होता. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "परत रचा, गुरुजी." आम्ही परत रचली. त्या दिवशी ती सात वेळा रचली आणि सात वेळा पाडली, आणि शेवटी शेवटी मुले स्वतः आरपार दगड शोधून आणू लागली. संध्याकाळी हात धुताना नखांतली माती पाहून मला जाणवले की दिवसभरात उंबऱ्यातले चित्र एकदाही आले नाही.

पुढची दोन वर्षे सुटीच्या दिवशी मी ती फळी सायकलला बांधून गावोगाव फिरलो. माझ्या वाट्याला आलेला भाकरीचा लहान तुकडा मी असा खर्चला. चुकीचे सांगितले होते ते मी शिक्षक म्हणून; बरोबर सांगायचे तेही शिक्षक म्हणूनच सांगायचे होते. प्रत्येक गावात सुरुवातीलाच मी सांगत असे की १९९२ साली काही होत नाही असे सांगणारा तो गुरुजी मीच. एकाही गावात मला कोणी अपशब्द बोलले नाही. एका म्हाताऱ्याने फक्त विचारले, "आता पुस्तकात काय लिहिलंय?" मी म्हणालो, "पुस्तक अजून बदललेलं नाही, बाबा. भिंत तोवर आपण बदलू." पुढे २००२ साली भूकंपाचा नकाशा सुधारला गेला, पहिला पट्टा रद्द झाला आणि आमचा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला. तो नकाशा वर्गात लावताना मी मुलांना जुनाही दाखवला.

१९९७ मध्ये मी पुन्हा लग्न केले. भूकंपात पहिले यजमान गमावलेल्या बाईशी केले आणि दोघांनाही एकमेकांचे मौन समजत असल्यामुळे संसार सुखाचा झाला, इतकेच लिहितो. आम्हाला नव्या गावठाणात जमिनीच्या प्रमाणात ४०० चौरस फुटांचे घर मिळाले. दोन वर्षांनी मुलगी झाली. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा आमच्या भागातून बायका आणि गवंडी मदतीला गेले, त्यांच्याबरोबर मीही बारा दिवस गेलो. तिथे ढिगाऱ्यावर बसलेल्या एका बापाशेजारी मी दोन संध्याकाळी बसलो. त्याची भाषा मला अर्धवट कळत होती. तो पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होता आणि ते कोणत्या प्रकारचे वाक्य आहे हे मला पुरते कळत होते. त्याचा दोष नाही असे मी त्याला म्हटले नाही. मी ऐकत राहिलो आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याला रात्री झोप किती लागते ते विचारले.

इतके सगळे होऊनही एक गोष्ट माझ्याच्याने होत नव्हती. "आत झोपा" हे शब्द मी कोणालाही म्हणू शकत नव्हतो. आई तर अंगणातच झोपे. पण मुलगीही आजीबरोबर बाजेवर झोपू लागली, आणि डास असोत वा गारठा असो, मी तिला आत बोलावत नसे. पत्नी बोलावी, मी तेवढ्यापुरता तिथून उठून जात असे.

२००५ च्या जूनमधली रात्र होती. मुलगी सहा वर्षांची होती. अकराच्या सुमारास वारा सुटला आणि मोठाले थेंब पडू लागले. पत्नी माहेरी गेली होती. मी दारात आलो तेव्हा आई बाजेवर उठून बसली होती, मुलीला तिने पदराखाली घेतले होते आणि ती माझ्याकडे पाहत होती. तिने मुलीला उठवले नाही, स्वतःही उठली नाही. ती थांबली होती. मी दाराच्या चौकटीवर हात टेकला. वरचा पट्टा बोटांना लागला. तो घालताना मी गवंड्याजवळ उभा राहून सळया मोजल्या होत्या, चार कोपऱ्यांत त्या वाकवून एकमेकींत अडकवल्या आहेत हे पाहिले होते. पाऊस वाढला. मी म्हणालो, "आई, तिला घेऊन आत ये. आत झोपा."

आई उठली. नव्या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिने उशी उचलली आणि मुलीचा हात धरून माझ्या बाजूने आत गेली. मी बाज भिंतीशी उभी केली, दार लोटले आणि तिच्या शेजारी अंथरूण घातले.